पुण्याला झालेली बदली



मघाशी बाहेर चहा घेताना एका काकांना मी विचारलं, ‘तुमचं मूळ गाव कुठलं?’ ते म्हणाले, ‘अमळनेर. पण तीस वर्षं झाली की इकडे येऊन.’ शेजारच्या ताई म्हणाल्या, ‘आमचं धुळं. ह्यांना हजिऱ्याला नोकरी लागली, मग आम्ही सगळेच आलो.’ तिसरे गृहस्थ नंदुरबारचे निघाले. दोन घोट चहात अख्खी ताप्ती लाईन माझ्यासमोर उभी राहिली. माणसं नोकरीसाठी, मुलांच्या शिक्षणासाठी त्या रुळांवरून पूर्वेकडून पश्चिमेकडे आली, आणि तापीच्या सोबतीनं पार सुरतेजवळच्या इच्छापोरपर्यंत पोचली.

आज मी तुम्हाला उलट्या दिशेनं गेलेल्या एका मुलीची हकिगत सांगणार आहे. ती गुजरातेतून महाराष्ट्रात गेली, तेव्हा चौदा वर्षांची होती. साल २००७. सोबत आई होती. आई आयुर्विमा महामंडळात नोकरीला. मुलीला पुण्यात टेनिस शिकायचं होतं म्हणून आईनं पुण्याला बदली करून घेतली. नोकरदार माणसाला बदली म्हणजे काय हे मी तुम्हाला काय सांगणार! बदली टळावी म्हणून लोक अर्ज करतात. या बाईनं बदली व्हावी म्हणून अर्ज केला.

ती मुलगी म्हणजे अंकिता रैना.

नाव ऐकलंय किती जणांनी? हात वर करा. दहा-बारा. सानिया मिर्झा किती जणांना माहीत आहे? बघा, सगळं सभागृह. हा फरकच माझ्या आजच्या बोलण्याचा विषय आहे. अंकिता एकेरीत जगात १६०व्या क्रमांकापर्यंत गेली. १६०वा क्रमांक ऐकला की आपला चेहरा जरा पडतो, नाही का? आपल्याला पहिला, दुसरा, फार तर दहावा कळतो. पण जगभरात हजारो मुली व्यावसायिक टेनिस खेळतात, आणि त्यांत फक्त १५९ जणी तुमच्या पुढे आहेत, याचा अर्थ काय होतो हे जरा सावकाश बघू या. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथं जमता, ते कारखान्यातून सुटल्यावर मुलांना घेऊन मैदानावर जायचे, असं मला सांगण्यात आलं. त्यांच्या नावानं बोलायचं, तर निकालाआधी कष्टाचा हिशेब मांडायला हवा. तोच मांडतो.

आधी ती गेली कशी, ते सांगतो. मग टिकली कशी. आणि तिच्या वाट्याला जे मोजके मोठे दिवस आले, ते शेवटी.

अंकिताचा जन्म ११ जानेवारी १९९३चा, अहमदाबादचा. घर मूळचं काश्मिरी पंडितांचं. मोठा भाऊ टेनिस खेळायला जायचा, त्याच्या मागोमाग हीही जायला लागली. पुढे गुजरात सरकारच्या शक्तिदूत योजनेतून तिला मदतही मिळाली. ते ऋण या राज्याचं आहे आणि ते आपण मानलं पाहिजे. मग अहमदाबादेत काय कमी होतं? इतकं मोठं, पैसेवालं शहर. कोर्ट बांधायला पैसा लागतो, तो होता. तरी ती पुण्याला का गेली?

मंडळी, टेनिस शिकायला कोर्ट लागतं, रॅकेट लागते, शिक्षक लागतो. पण त्याहून जास्त एक गोष्ट लागते, ती म्हणजे रोज आपल्याला हरवू शकेल असा समोरचा माणूस. तुम्ही शहरात सगळ्यांत चांगले असाल, तर तुमचं शिकणं तिथंच थांबतं. पुण्यात हा समोरचा माणूस मुबलक मिळत होता. भांडारकर रस्त्यावरचा पी. वाय. सी. हिंदू जिमखाना, तिथून चालत जावं इतक्या अंतरावर डेक्कन जिमखाना, आणि गावाबाहेर १९९४च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेलं बालेवाडीचं क्रीडासंकुल. या शहरानं गौरव नाटेकर पाहिला, नंदन बाळ पाहिले, नितीन आणि संदीप हे कीर्तने बंधू पाहिले. सदाशिव पेठेतल्या घरात क्रिकेटवर वाद व्हावा तसा तिथं बॅकहँडवर वाद होतो. पी. वाय. सी.त हेमंत बेंद्रे मुलांना शिकवत होते. अंकिता त्यांच्याकडे आली आणि पुढची कितीतरी वर्षं त्यांच्याकडेच राहिली. आजच्या खेळात खेळाडू वर्षाला कोच बदलतात. एका गुरूजवळ इतका काळ टिकून राहणं ही मला तिच्या स्वभावाची पहिली खूण वाटते.

इथं थोडं विषयांतर करतो, रागावू नका. मराठी घरातली मुलगी विम्बल्डनला फार पूर्वीच जाऊन आली आहे. १९३४ साली लीला राव या मुलीनं विम्बल्डनच्या एकेरीत सामना जिंकला. तिथं सामना जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री. तिची आई क्षमाबाई राव, पुण्यात जन्मलेल्या, शंकर पांडुरंग पंडितांसारख्या संस्कृत विद्वानाची मुलगी. स्वतः संस्कृतात काव्य लिहिणाऱ्या आणि टेनिसही उत्तम खेळणाऱ्या. ‘सत्याग्रहगीता’ त्यांचीच. आई-मुलीची ही जोडी आठवली की मला फार आनंद होतो, आणि लगेच एक गोष्ट खटकतेही. त्या काळी टेनिस हौशी खेळाडूंचं होतं. मोठ्या स्पर्धांत बक्षिसाची रक्कम नव्हती. व्यावसायिकांना विम्बल्डनचं दार उघडलं ते १९६८ साली. म्हणजे ज्याच्या घरात आधीच होतं, त्यानंच खेळावं, असा तो मामला. लीलाचे वडील मुंबईतले नामांकित डॉक्टर होते. अंकिताची आई पगारदार होती. मधल्या सत्तर-ऐंशी वर्षांत खेळाचा दरवाजा पगारदारांच्या मुलींसाठी किलकिला झाला. पण नुसता किलकिला. आत शिरल्यावर काय लागतं, ते आता ऐका.

व्यावसायिक टेनिस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हिरवं गवत, पांढरे कपडे, स्ट्रॉबेरी आणि क्रीम. हे वर्षातले दोन आठवडे. आणि तेही पहिल्या शंभरातल्यांचे. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत मुख्य फेरीत १२८ जागा. त्यातल्या १०४ थेट क्रमवारीवरून भरतात, ८ वाईल्ड कार्डच्या, आणि १६ जागा पात्रता फेरीतून येणाऱ्यांना. पात्रतेत सलग तीन सामने जिंकले की मग तुमचं नाव मुख्य फेरीच्या कागदावर लागतं. १६०व्या क्रमांकाची मुलगी या तीन सामन्यांच्या दारात असते. आणि वर्षातले उरलेले आठवडे? ते जातात आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या छोट्या स्पर्धांत. पंधरा हजार डॉलरची, आणि २०२३पर्यंत पंचवीस हजार डॉलरची स्पर्धा. ऐकायला मोठी रक्कम. पण ती सगळ्या स्पर्धेची मिळून. पंचवीस हजारांच्या स्पर्धेत जी अख्खा आठवडा जिंकत जायची, तिच्या हातात चार हजार डॉलरहून थोडे कमीच पडायचे. पहिल्या फेरीत हरली, तर शे-दोनशे डॉलरच्या आसपास. त्यातून विमानाचं तिकीट, राहणं, जेवण, कोच सोबत असेल तर त्याचंही सगळं. आणि कर कापून घेतलेला असतो तो वेगळाच.

सांगा, हा धंदा तुमच्यापैकी कोणी कराल?

एकदा डिसेंबरमध्ये मी पुण्यात अशाच एका स्पर्धेच्या पात्रता फेरीला सकाळी जाऊन बसलो होतो. डेक्कन जिमखान्यावर महिलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा कित्येक वर्षं भरते, तिला आम्ही पुणेकर अंडेवाल्यांची स्पर्धा म्हणतो, कारण अंडी-उत्पादकांची संस्था एन.ई.सी.सी. ती पुरस्कृत करते. थंडी होती. प्रेक्षक म्हणून मी, दोन आजोबा आणि एक कुत्रं. कोर्टाच्या जाळीला टेकून एक मुलगी रॅकेटच्या तारांवर तळहात आपटून आवाज ऐकत होती. गटिंग ढिलं झालंय का, ते त्या आवाजावरून कळतं. चारातल्या दोन रॅकेट तिनं बाजूला काढल्या, गटिंगवाल्याकडे गेली, भाव विचारला, आणि एक रॅकेट परत पिशवीत ठेवली. एकच दिली. सामना सुरू व्हायला अर्धा तास होता. तिनं पिशवीतून डबा काढला, दोन उकडलेली अंडी खाल्ली, केळं सोललं, अर्धं खाऊन अर्धं सालीत गुंडाळून ठेवलं. मग जुनी ग्रिप सोडवून नवी गुंडाळायला लागली. दातांनी टोक धरून, अंगठ्यानं ताणत, इतकी सावकाश, की जणू लहान भावंडाच्या जखमेला पट्टी बांधतेय. ती मुलगी कोण, हे महत्त्वाचं नाही. त्या सामन्यात ती हरली, हेही नाही. पण अंकितासारख्या खेळाडूनं अशा किती सकाळी घालवल्या असतील, याचा विचार मी घरी जाईपर्यंत करत होतो. दहा वर्षं म्हणजे किती ग्रिप?

आणि नुसते कष्ट पुरत नाहीत. क्रमवारीचा नियम मोठा निर्दय आहे. तुम्ही जे गुण मिळवता ते फक्त ५२ आठवडे तुमचे. मागच्या वर्षी याच आठवड्यात स्पर्धा जिंकली असेल, तर ते गुण या वर्षी याच आठवड्यात गळून पडतात. म्हणजे नुसतं आहे तिथं उभं राहायचं असलं, तरी तुम्हाला पळत राहावं लागतं. आजारी पडलात, पाय मुरगळला, व्हिसा वेळेवर आला नाही, तर कोणी तुमची रजा मंजूर करत नाही. इथं बसलेल्या कारखान्यातल्या मंडळींना मेडिकल रजा असते, साप्ताहिक सुट्टी असते. या मुलींना ती नाही.

व्हिसाचं बोललो, तर जरा युरोपाकडे बघू. हंगेरी हा देश लोकसंख्येनं मुंबईपेक्षाही लहान, एक कोटीच्याही आत. त्या देशानं मार्टन फुचोविच दिला. अंकितापेक्षा वर्षभरानं मोठा. २०१०मध्ये त्यानं विम्बल्डनची मुलांची स्पर्धा जिंकली. आता हा पोरगा उद्याच मोठा होणार, असं सगळ्यांना वाटलं. पण त्याला पहिलं मोठं विजेतेपद मिळायला २०१८ उजाडलं, जिनिव्हामध्ये. १९८२मध्ये बालाझ तारोत्सीनं जिंकल्यानंतर एकेरीत असं विजेतेपद मिळवणारा तो पहिला हंगेरियन. मधली बहुतेक वर्षं तोही छोट्या स्पर्धांतच होता. मग २०२१मध्ये विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत जोकोविचसमोर उभा राहिला. त्याच देशाची आग्नेश सावाई १९व्या वर्षी जगात १३वी होती, आणि पाठदुखीनं चोविसाव्या वर्षी खेळ सोडावा लागला. तिमेया बाबोशनं दुहेरीत चार ग्रँड स्लॅम जिंकली. एकाच छोट्या देशातल्या या तीन वाटा बघा: एक उशिरा फळलेली, एक अवेळी मोडलेली, एक दुहेरीत बहरलेली.

मग हंगेरीला जमतं ते आपल्याला का जमत नाही? लोक म्हणतात, आपल्याकडे ताकद नाही, आहार नाही, जिद्द नाही. मला हे मुळीच पटत नाही. बुडापेस्टचा मुलगा रविवारी हरला, तर सोमवारी गाडीनं शेजारच्या देशात जाऊन दुसऱ्या स्पर्धेत उतरतो. हद्दीवर कोणी पासपोर्टसुद्धा मागत नाही. आपली मुलगी हरली, की ती परक्या देशात अडकते. परत यायचं तर तिकीट जातं, थांबायचं तर हॉटेलचं भाडं चढतं. आणि पुढच्या देशाचा व्हिसा? त्याच्या रांगेत उभं राहायला ती मायदेशी असायला हवी. तिच्या रॅकेटपेक्षा तिचा पासपोर्ट जड आहे. याला जिद्द काय करणार? याला जवळपास स्पर्धा लागतात. या मुद्द्यावर मी परत येणार आहे.

आता तिचे मोठे दिवस.

नोव्हेंबर २०१७. मुंबईत, क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या कोर्टवर, महिलांची सव्वा लाख डॉलरची स्पर्धा. पुरस्कर्ते एल अँड टी. ज्यांच्या गेटवर तुमच्यातले कित्येक जण रोज कार्ड दाखवतात तेच. अंकिता उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली. ती स्पर्धा जिंकली एका एकोणीस वर्षांच्या बेलारूसच्या मुलीनं. नाव आरिना साबालेंका. आज जगाला ते नाव पाठ आहे. २०२३मध्ये ती जगात पहिली झाली. मुंबईत तेव्हा तिचे सामने बघायला मूठभर लोक होते. एकाच आठवड्यात, एकाच आवारात दोघी खेळल्या. एक पुढे अव्वल झाली, दुसरी १६०वी. पण त्या आठवड्यात दोघींच्या पायांखालची जमीन एकच होती, हे मला विसरता येत नाही. मोठ्या खेळाडूला घरच्या अंगणात बघितलं, की मुलीला अंतर मोजता येतं. तोवर ते अंतर नुसतं ऐकीव असतं.

आणि त्याचा परिणाम अवघ्या तीन महिन्यांत दिसला. फेब्रुवारी २०१८, दिल्ली, फेड कप. फेड कप म्हणजे देशासाठी खेळायची सांघिक स्पर्धा; आता तिला बिली जीन किंग कप म्हणतात. अंकिता तेव्हा अडीचशेच्या आसपास होती. तिनं चीनच्या झू लिनला हरवलं. मग कझाकस्तानच्या युलिया पुतिन्सेव्हाला हरवलं, जी पहिल्या शंभरातली होती. ज्यांनी तिला खेळताना पाहिलंय त्यांना ठाऊक आहे, टेनिसच्या मानानं तिची उंची कमी. सर्व्हिसवर फुकटचा गुण क्वचितच मिळतो. प्रत्येक गुण पळून, चेंडू परत परत परतवून कमवायचा. तिचा फोरहँड खणखणीत आहे, पण तो मारायला मिळावा म्हणून आधी चार चेंडू धावून काढावे लागतात. देशाचा झेंडा समोर असला, की ती हे धावणं जरा जास्तच आनंदानं करते, असं मला नेहमी वाटत आलंय.

एप्रिलमध्ये ती पहिल्या दोनशेत शिरली. ऑगस्टमध्ये आशियाई स्पर्धा. टेनिसचे सामने पालेम्बांगला होते. उपांत्य फेरीत समोर चीनची झांग शुआई. अंकिता ४-६, ६-७ अशी हरली. पण आशियाई टेनिसमध्ये उपांत्य फेरीत हरणाऱ्या दोघींनाही ब्राँझ मिळतं. सानियानंतर एकेरीत आशियाई पदक मिळवणारी ती दुसरी भारतीय स्त्री ठरली. दुसऱ्या दिवशी आपल्या वर्तमानपत्रांत दोन-चार ओळी आल्या. मला त्या दोन-चार ओळींचा राग आहे, मी लपवत नाही.

एप्रिल २०१९, चीनमधलं आनिंग. समोर ऑस्ट्रेलियाची समांथा स्टोसर. ही कोण? २०११च्या अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात सेरेना विल्यम्सला हरवणारी. अंकिता जिंकली, ७-५, २-६, ७-५. मधला सेट बघा, २-६. तिथं पाय ओढले जातात. मन म्हणतं, एक सेट घेतलास ना, पुष्कळ झालं. मग तिसऱ्या सेटला तिनं पुन्हा सात गेम जिंकले. ग्रँड स्लॅम जिंकलेल्या खेळाडूला तिनं हरवलं, ती ही पहिलीच वेळ.

२ मार्च २०२०. क्रमवारी जाहीर झाली आणि अंकिता १६०वी. तिच्या आयुष्यातला सर्वोच्च क्रमांक. त्याच आठवड्यात दुबईत फेड कप. भारताची महिला टीम पहिल्यांदाच प्ले-ऑफमध्ये पोचली. त्या टीममध्ये अंकिता, सानिया, आणि आपली श्रीरामपूरची ऋतुजा भोसले. सगळं जुळून आलं होतं. आणि पुढच्याच आठवड्यात करोनामुळे जगभरच्या स्पर्धा बंद झाल्या. सुरतेतून त्या उन्हाळ्यात किती माणसं कशी गावाकडे निघाली, हे तुम्ही बघितलंय, तुमच्यातल्या काहींनी भोगलंय. त्यापुढे टेनिसचं दुःख मोठं, असं मी म्हणणार नाही. पण २७ वर्षांच्या खेळाडूचा चढता हंगाम असा हातातून निसटतो, तेव्हा तो कोणत्याही नुकसानभरपाईच्या यादीत येत नाही, एवढं तरी नोंदवून ठेवू.

मग जानेवारी २०२१. ऑस्ट्रेलियन ओपनची पात्रता फेरी त्या वर्षी दुबईत झाली. अंकिता दोन सामने जिंकली, तिसरा ओल्गा दानिलोविचशी हरली. एका सामन्यानं एकेरीची मुख्य फेरी हुकली. कोणी म्हटलं असतं, परत फिरू. ती मेलबर्नच्या विमानात बसली. तिथं चौदा दिवसांचं विलगीकरण. कदाचित कोणी माघार घेईल, कदाचित जागा मिळेल, एवढ्या आशेवर. एकेरीत जागा मिळाली नाही. दुहेरीत रुमानियाच्या मिहाएला बुझार्नेस्कूबरोबर मुख्य फेरीत खेळली आणि पहिल्याच सामन्यात हरली. तरी थांबली. त्याच आवारात पुढच्या आठवड्यात फिलिप आयलंड ट्रॉफी होती. रशियाच्या कामिला राखिमोव्हाबरोबर ती दुहेरीत उतरली, आणि अंतिम सामना जिंकली, २-६, ६-४, १०-७. महिला टेनिस संघटनेच्या, म्हणजे डब्ल्यू.टी.ए.च्या, मुख्य टूरवरचं हे तिचं पहिलं विजेतेपद, आणि दुहेरीत पहिल्या शंभरात प्रवेश. दुबईहून परत फिरली असती, तर?

त्याच जुलैमध्ये टोकियो. सानियाबरोबर ऑलिंपिक. युक्रेनच्या किचेनोक बहिणींविरुद्ध पहिला सेट ६-०. दुसऱ्यात ५-३ पुढे, सामना हातात, आणि तो सेट टायब्रेकवर गेला. तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेक. त्यात १-८ मागे. १-८वरून ८-८. सलग सात गुण! आणि शेवटी ८-१०. या सामन्याबद्दल मला अनेकांनी विचारलं, ‘कुठं चुकलं?’ मला तो प्रश्न नकोसा वाटतो. ६-०, ५-३वरून सामना निसटल्यावर १-८ला खेळाडूचं मन कुठं असतं? तिथून ज्यांनी सात गुण सलग घेतले, त्यांच्याकडे बघायला शिकू या. त्याच वर्षी तिला अर्जुन पुरस्कार मिळाला.

आता जवळच्या स्पर्धांचा मुद्दा, जो मी मघाशी बाजूला ठेवला होता. २०१८पासून पुण्यात पुरुषांची मोठी ए.टी.पी. स्पर्धा होत होती. २०२३नंतर ती गेली, हाँगकाँगला. पुण्यात हळहळ झाली, मीही हळहळलो. पण आपल्या मुलींचं पोट त्या स्पर्धेवर नव्हतं. त्यांचं पोट पुण्यातल्या अंडेवाल्यांच्या स्पर्धेवर, सोलापूरच्या, नवी मुंबईच्या छोट्या स्पर्धांवर आहे. तिथं व्हिसा लागत नाही. हरली तर रात्रीच्या एस.टी.नं घरी जाता येतं. तिथं मिळालेले दहा-वीस गुण तिला परदेशातल्या पात्रता फेरीत बसवतात. मला विचाराल, तर एका झगमगत्या आठवड्यापेक्षा असे सहा साधे आठवडे मी घेईन. सुरतेत पैसा आहे, कारखाने आहेत, आणि तुमच्या वसाहतींतून कोर्टंही आहेत. संध्याकाळी त्यांच्यावर साहेबलोक तासभर खेळतात आणि दिवे मालवतात. वर्षातून एक आठवडा ती कोर्टं महासंघाला द्या. अमळनेरची, धुळ्याची, नवसारीची मुलगी इथं रेल्वेनं येईल.

ऋतुजा अशाच स्पर्धांतून घडली. सप्टेंबर २०२३, हांगझोऊ, आशियाई स्पर्धा. रोहन बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचा अंतिम सामना, समोर चिनी तैपेईची जोडी. पहिला सेट २-६ गेला. मग ६-३, आणि टायब्रेक १०-४. सोनं. पोलीस अधिकाऱ्याची मुलगी. तिच्याही घरानं बदल्या पाहिल्या आहेत.

शेवटचं सांगतो आणि थांबतो. एप्रिल २०२५. बालेवाडी. बिली जीन किंग कपचे आशियाचे सामने पुण्यात आले होते. एकेरीत नव्या मुली पुढे झाल्या होत्या: हैदराबादची श्रीवल्ली भामिडिपाटी, अहमदाबादची वैदेही चौधरी. हो, अहमदाबादची. भारत दुसऱ्यांदा प्ले-ऑफमध्ये गेला. आणि दुहेरीला ज्या दोघी एकत्र उतरत, त्यांतली एक बार्शीची प्रार्थना ठोंबरे. दुसरी अंकिता, बत्तीस वर्षांची. ज्या शहरात ती चौदाव्या वर्षी आईच्या बदलीबरोबर आली होती, त्याच शहरात. गुण सुरू होण्याआधी दोघी तोंडासमोर हात धरून काहीतरी कुजबुजायच्या, मग प्रार्थना जाळीपाशी जायची आणि अंकिता मागच्या रेषेवर, गुडघे वाकवून, रॅकेट दोन्ही हातांत हलकेच फिरवत, समोरच्या सर्व्हिसची वाट बघत उभी राहायची.